शंभरचा दिवा

१९६३ च्या पौषात, भर दुपारी, मोठीमायने एक दिवा बंद केला. दुसऱ्या दिवशी पहाटे तिची सातव्या महिन्यात जन्मलेली नात वारली. या दोन गोष्टींचा संबंध किती, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आले नाही. मोठीमायने त्यांना ते विचारलेही नाही.

मोठीमाय म्हणजे माझी थोरली काकू. शहाद्याकडच्या आमच्या गावात वीज आल्यापासून घरातल्या दिव्यांवर तिची नजर असे. खोलीतून बाहेर पडताना तिचा उजवा हात आपोआप बटणाकडे जाई. मागे कोण बसले आहे, हे ती पाहत नसे. एकदा काका जेवत असतानाच अंधार झाला.

"अवं, मी जेवी ऱ्हायनू ना!" ते ओरडले.

स्वयंपाकघरातून उत्तर आले, "जेवा ना मंग. घासले तोंडनी वाट माहीत शे."

बिलाची काळजी काकांना होती. तिचा राग उष्णतेवर होता. उन्हाळ्यात आमच्या मातीच्या भिंती रात्रीही निवत नसत. दिव्याजवळ तळहात धरून ती म्हणे, "हाऊ दिवा नही, चूल शे. उजेड चिमूटभर नि ताप टोपलंभर. उनायामा आढ्याले चूल कोन टांगस?"

तिची मुलगी सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि मूल फार लवकर झाले. नर्सबाई सांगून गेल्या: लाकडी पेटीत कापूस घाला, वर शंभर वॅटचा दिवा टांगा, पेटी थंड पडू देऊ नका. कापूस पेट घेईल म्हणून बाकीचे घाबरले. मोठीमायने काम अंगावर घेतले. घरचा कापूस पिंजून पेटीत भरला, दिव्याची वायर आढ्यावरून खाली घेतली, आणि तळहाताने ताप पाहत दिवा वरखाली केला. नंतर ती पेटीपासून फारशी हलली नाही. "चूल कामले उनी," ती सुमनला म्हणाली. मूल तगले. बोळ्याने दूध घेऊ लागले.

मी तेव्हा नंदुरबारला शिकत होतो. त्या दुपारचे जे लिहितो आहे, ते मोठीमायने आणि सुमनने सांगितलेले आहे. सुमनचा डोळा लागला होता. मोठीमाय दूध कोमट करून आणायला उठली आणि दारातून बाहेर पडताना तिचा हात बटणाकडे गेला. खिडकीतून ऊन येत होते, त्यामुळे दिवा गेल्याचे तिलाही जाणवले नाही. अंगणात वेचणीच्या बायका गाठोडी घेऊन आल्या होत्या. त्यांचा कापूस उतरवून घ्यायला ती थांबली. परतून पेटीत हात घातला, तेव्हा आतला कापूस गार होता.

पहाटे मूल गेल्यावर डॉक्टर काकांना म्हणाले, ते मुळातच कमजोर होते. काकांनी मोठीमायला बजावले, "सुमनले काही सांगू नको." तिने त्याच संध्याकाळी सांगितले. "दिवा मी बंद करा, बाई. ध्यानमा नही ऱ्हायनं."

पुढच्या बाळंतपणाला सुमन माहेरी आली नाही.

मोठीमायने पुन्हा बटणाला हात लावला नाही. खोलीतून बाहेर पडताना ती उजवा हात पदरात गुंडाळून घेई. पेटी उचलली गेली होती, तरी त्या खोलीतला दिवा ती कोणाला बंद करू देत नसे.

"भर उनमा कोनासाठे जयी ऱ्हायना हाऊ?" काका एकदा चिडले.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

१९६८ च्या वैशाखात ती त्याच खोलीत वारली. सुमन धुळ्याच्या सासरहून मुलाला घेऊन आली, तेव्हा दुपार होती. मोठीमायभोवती बायका घामाने भिजून बसल्या होत्या. वर शंभरचा दिवा चालू होता. तो बंद करायला कोणी उठले नव्हते.

सुमन काही वेळ आईच्या पायाशी बसली. मग तिने उठून बटण दाबले.