'परवा या' म्हणणाऱ्या विजूताई

विजूताईंच्या पार्लरमध्ये मी पहिल्यांदा गेले ती केस काळे करून घ्यायला, आणि परत आले ती पांढरे केस तसेच घेऊन. वर कोपराच्या आतल्या बाजूला बॉलपेनने काढलेलं रुपयाएवढं निळं वर्तुळ. त्या वर्तुळात ताईंनी कापसाने रंगाचा थेंब टेकवला होता. "पाणी लावू नका. खाजलं तर धुऊन टाका आणि मला कळवा. नाहीतर परवा या," एवढं बोलून त्यांनी मला वाटेला लावलं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर नकाशा काढायला हात वर केला, तर मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुम्हीपण विजूताईंकडे?"

नारायण पेठेत तेव्हा मतदानाच्या शाईखालोखाल हीच खूण ओळखीची होती. याला पॅच टेस्ट म्हणतात हे ताईंना ठाऊक होतं, दारावरच्या कागदावर तसं लिहिलंही होतं. बोलताना मात्र त्या 'परीक्षा'च म्हणत. रंग असो, ब्लीच असो की नवं क्रीम, परीक्षेशिवाय चेहऱ्याला बोट लावत नसत. घरात नवा साबण आला तरी आधी यजमानांच्या हातावर. ते बिचारे बाराही महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. ताई जाऊन आता चार वर्षं झाली, पण त्या यजमानांची आठवण आली की अजून हसू येतं.

गिऱ्हाइकं वाद घालत. "अहो, दहा वर्षं हाच रंग लावतेय मी," असं कुणी म्हटलं की ताई शांतपणे म्हणत, "मला काय सांगता, कातडीला सांगा. ती दहा वर्षं गप्प बसते आणि अकराव्या वर्षी बोलते." कुणी फारच कुरकुर केली तर, "भात शिजला का ते शितावरून बघता ना? का पातेलंभर खाऊन बघता?" एक बाई तणतणत म्हणाल्या की कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये लगेच करून देतात. ताईंनी उठून त्यांच्यासाठी दार उघडलं. "जा ना. तिथे सगळंच लवकर होतं." त्या बाई आठवड्याने डोक्याला स्कार्फ बांधून परत आल्या, तेव्हा ताईंनी स्कार्फकडे न बघता कोपर पुढे करायला सांगितलं.

माझ्या मंजिरीचं लग्न ठरलं तेव्हा तिला मी ताईंच्या हवाली केलं. मंजिरीचं अंग कशानेही उठायचं. ताईंनी क्रीम तपासलं, कुंकू तपासलं, आणि लग्नाला आठवडा राहिला असताना म्हणाल्या, "आता हळद."

"हळदीने काय होतंय, ताई?"

"नवऱ्या मुलाला लावून उरलेली उष्टी हळद तिकडून येणार. म्हणजे माझ्या माहितीतली नाही. विहीणबाई जशी कालवणार असतील तशीच चमचाभर आणा."

आता आमचे व्याही मार्केट यार्डातले हळदीचे घाऊक व्यापारी. तीन पिढ्यांचा धंदा. त्यांच्या घरी जाऊन 'तुमची हळद जरा तपासायची आहे' असं मुलीच्या आईने म्हणायचं? माझी जीभ रेटेना. दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातली हळद तेलात कालवली, वाटी ताईंपुढे ठेवली आणि 'विहीणबाईंनी दिली' असं धडधडीत खोटं सांगितलं. जन्मभर पोरींच्या कॉप्या पकडल्या, आणि ही माझी स्वतःची. ताईंनी वाटीत बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग मंजिरीचा हात पुढे ओढला. दोन दिवसांनी हात स्वच्छ होता आणि मी निर्धास्त झाले.

हळद संध्याकाळी लागली. लग्नाच्या सकाळी मंजिरी उठली ती गाल सुजून, तोंड लालभडक होऊन. विहीणबाईंनी हौसेने हळदीत कसलंसं सुवासिक तेल घातलं होतं, हे पुढे कळलं. डॉक्टर कार्यालयात येऊन गोळी देऊन गेले. घाबरण्यासारखं नव्हतं, पण मंजिरी आरशापुढून हलेना. तेवढ्यात ताई मेकअपची पेटी घेऊन आल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई त्यांच्यावर तुटून पडल्या. "एवढ्या परीक्षा केल्यात आणि शेवटी हे? काय फासलंत पोरीला?"

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. मी एक वाक्य बोलले असते तर ताई सुटल्या असत्या. पण त्यात विहीणबाईंची हळद निघाली असती आणि माझं खोटंही. मी मंजिरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ताई म्हणाल्या, "चूक माझी आहे." पेटी उघडलीच नाही. "आज हिला पावडरसुद्धा नको. लाल दिसली तर लाजली म्हणा." आणि मुहूर्तापर्यंत त्या मंजिरीच्या गालांवर गार पाण्याच्या घड्या ठेवत बसल्या.

ती बातमी अक्षतांआधी पेठेत पोचली. ताईंची गिऱ्हाइकं कमी झाली. जी येत ती कोपर पुढे करेनात. मी दीड महिना ती गल्ली टाळली. शेवटी केसांची मुळं पांढरी दिसायला लागली म्हणून गेले, तर खुर्चीत बसलेल्या एक बाई म्हणत होत्या, "परीक्षा कसली करता? त्या नवरीचं केलंत ना वाटोळं. मला आत्ताच्या आत्ता रंग लावून द्या."

ताई पेनाचं टोपण काढत होत्या. मला ते बघवेना. "ती नवरी माझी मुलगी," मी म्हणाले. "ताईंनी काही केलं नाही. त्यांनी तपासायला मागितलेली हळद मी बदलून दिली होती."

त्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बाही वर केली. त्या गेल्यावर मी ताईंना विचारलं, "माझ्यासाठी कशाला दोष घेतलात अंगावर?"

"तुमच्यासाठी? कोणी सांगितलं?" ताई हात धुवत म्हणाल्या. "तुमच्या वाटीत मोहरीचा दाणा होता. हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरची लग्नाची हळद, त्यात मोहरी कुठून येणार? ती तुमच्या मिसळणाच्या डब्यातली आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. विचारायला हवं होतं. म्हटलं, लग्नघर आहे, बाईंना कशाला खोटं पाडा. आयुष्यात एकदा गिऱ्हाइकाची भीड धरली आणि तेवढ्यात पोरीला भोगावं लागलं. चूक माझी म्हणाले ते खरंच म्हणाले."

मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं, टॉवेल पुढे केला, मग म्हणाल्या, "मंजिरी दिवाळीला आली की पाठवा इकडे. मला तिची माफी मागायची आहे."

मंजिरीची माफी मी अजून मागितलेली नाही, हे तोवर माझ्या लक्षातही आलं नव्हतं.