कचरूची माय

पोराचं कुणी कौतुक करायला लागलं की ती बोलणाऱ्याच्या तोंडासमोर आपला पंजा आडवा धरायची. "काही न्हाई बापा त्यात. कचराच हाय," म्हणायची आणि पोराला घरात पिटाळायची. कौतुक करणारा ओशाळायचा. सेनगावात आमच्या भिंतीला लागून तिचं घर. तिचं स्वतःचं नाव मला आजही ठाऊक नाही. सगळी गल्ली तिला कचरूची माय म्हणे.

तुमच्याही गावात एखादा कचरू, दगडू, धोंडू असेल. ही नावं हौसेनं ठेवलेली नसतात. तिची आधीची तीन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. हा चौथा. पाचवीच्या दिवशी तिनं त्याला चिंधीत गुंडाळून गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यावर ठेवलं आणि मागं न बघता परत आली. कचऱ्यात टाकलेलं मरण उचलत नाही, असा समज. ठरल्याप्रमाणे माझ्या बायकोनं त्याला उचलून आमच्या घरी आणलं. मग ती सूपभर ज्वारी घेऊन दारात आली. "बाई, तुमचं लेकरू इकता का?" विचारताना तिचं लक्ष आतल्या पोराकडं, सूप कललं आणि अर्धी ज्वारी उंबऱ्यावर सांडली. बायकोनं दाणा न् दाणा वेचून घेतला. सौदा पुरा व्हायला हवा, म्हणाली.

पोरगं जगलं, पण भीती गेली नाही. ते दुपारी झोपलं तरी ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. त्याला नवे कपडे कधी शिवले नाहीत. आमच्या पोरांचे जुने मागून न्यायची. शाळेत तो पहिला आला तेव्हा तिला घाम फुटला.

सातवीत एका नव्या गुरुजींना ते नाव खटकलं. "आजपासून तू किशोर," त्यांनी वर्गात जाहीर केलं. पोरगं नाचतच घरी आलं. त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. डॉक्टरांनी टायफॉईड सांगून गोळ्या दिल्या. ती मात्र मला सोबत घेऊन शाळेत गेली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली.

"गुरुजी, एकडाव त्याला जुन्या नावानं हाक मारा."

"अहो, तो आज आलेलाच नाही."

"म्हणून तर मारा. घरी पडून राहिला ना."

गुरुजी माझ्याकडं बघू लागले. मी मान खाली घातली. शेवटी त्यांनी रिकाम्या जागेकडं बघत "कचरू" म्हटलं. पोरं हसली. "तुमी बी म्हणा रे लेकरांनो," ती म्हणाली. तिचा चेहरा बघून मग कुणी हसलं नाही. सगळा वर्ग ओरडला.

ताप उतरला. मी हिशेबी माणूस. गोळ्यांनी उतरला, असं म्हणालो.

"व्हय भाऊ, गोळ्या बी होत्याच की."

पुढं तो शिक्षक झाला. कनेरगाव नाका या गावची सोयरीक जमली. मुलीकडच्यांची एकच अट होती: लग्नपत्रिकेत कचरू नको. तो आमच्या ओसरीवर तिच्याशी भांडला. "माय, लोक हसतेत मला. किती दिवस कचऱ्यात ठेवशील?"

तिनं पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. मग म्हणाली, "लिव्ह किशोर. पण मी हाय तवर घरात हाक माझीच."

लग्नात तिचं अक्षतांकडं लक्षच नव्हतं. कुणी किशोर म्हटलं की ती ओठांतल्या ओठांत कचरू म्हणायची. मी शेजारीच उभा होतो.

त्यानंतर थोड्याच वर्षांत ती गेली. शेवटी भेटलो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली नाही. "मी त्याच्या आदी चालले, भाऊ," म्हणाली. "बराबर झालं."

आता त्याला कचरू म्हणणारं घरात कुणी उरलं नाही. पुढं त्याला मुलगा झाला. बाळ फार अशक्त होतं, बरेच दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. घरी आणल्यावर आम्ही बघायला निघणार, तोच गल्लीच्या टोकाला तो दिसला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. जुना उकिरडा कधीच गेला, तिथं मोबाइलचं दुकान झालंय. दुकानाच्या कडेला थोडा केर साचला होता. भर दुपारी, लोकांदेखत, त्यानं टॉवेलात गुंडाळलेलं बाळ तिथं ठेवलं आणि मागं न बघता घरात जाऊन सूप घेऊन आमच्या दारात आला.

"काकू, ज्वारी कुठंच न्हाई मिळाली," तो म्हणाला. "सोयाबीन चालतंय का?"

दाणे उंबऱ्यावर सांडत होते. बायको अनवाणीच धावली.