बोट सुटण्याआधी विचारून घ्या

ट्रॅव्हल कंपनीत काम केलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. माणूस घरातून निघायच्या आधी जे प्रश्न विचारतो ना, ते तो आयुष्यात दुसऱ्या कुणाला विचारत नाही. डॉक्टरलासुद्धा नाही. आम्ही जुने ऑफिसवाले अजून भेटतो, आणि कोणीतरी "लक्षद्वीप" म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. मग मलाच सुरुवात करावी लागते.

ठाण्यात वर्तकनगरला नानांचं ऑफिस होतं. नाना आमचे मालक, विलास टूर मॅनेजर आणि मी काउंटरवर, रोज डोंबिवलीहून यायचे. अष्टविनायक, महाबळेश्वर, फार तर म्हैसूर-उटी, एवढीच आमची झेप. नव्वदीच्या सुरुवातीला नानांनी एकदम जाहीर केलं की आपण लक्षद्वीपला बोटीची टूर काढायची. कोचीनहून बोट, रोज एक बेट, रात्री परत बोटीत. त्या बेटांना मोठा धक्का नाही. बोट खोल पाण्यात उभी राहते, तिथून छोट्या होडीत उतरायचं आणि किनारा गाठायचा. ऑफिसात समुद्रप्रवासाचा अनुभव एकट्या नानांना होता. ते एकदा घारापुरीला जाऊन आले होते.

*

पहिलं बुकिंग डोंबिवलीच्या साठेकाकांचं. पहिला प्रश्नही त्यांचाच.

"रात्री बोट कुठे थांबवतात?"

विलास म्हणाला, थांबवत नाहीत काका, चालूच असते. काकांचा चेहरा उतरला. आमच्या महाबळेश्वरच्या टूरला पसरणीच्या घाटात ड्रायव्हरला डुलकी लागली होती आणि काका तेव्हा पुढच्याच सीटवर होते. म्हणजे रात्रभर ड्रायव्हर जागा राहणार? विलासने समजावलं की कॅप्टन असतो, त्याच्या हाताखाली माणसं असतात, पाळ्या असतात. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"ठीक आहे. पण मी मोठा थर्मास घेणार. दर दोन तासांनी जाऊन चहा देईन त्यांना. आपण आपली काळजी घेतलेली बरी."

*

लिमयेवहिनींचा प्रश्न जास्त अवघड होता. टूरमध्ये संकष्टी येत होती. कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ असते ती मुंबईची. बोट तेव्हा कुठे असणार कोण जाणे, मग उपास सोडायचा कधी?

नानांनी दोन ठिकाणी फोन करून पाहिले. कोणी सांगेना. शेवटी विलास म्हणाला, "वहिनी, तिथे बिल्डिंगा नाहीत, झाडं नाहीत. चंद्र उगवला की समोर दिसेलच की."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या तळमजल्यावरच्या घरातून चंद्र कधी दिसलाच नव्हता. लग्न झाल्यापासून त्यांनी कॅलेंडर बघून भिंतीकडे तोंड करून हात जोडले होते. "प्रत्यक्ष बघून सोडायचा?" त्यांनी विचारलं. मग साबुदाणा दुप्पट घेते म्हणाल्या, उशीर झालाच तर असू दे.

*

आणि मग भानूबाई आली. कोलशेतच्या कोळीवाड्यातली, वर्तकनगरच्या मार्केटात मासळी विकायची. नाना पक्के शाकाहारी, पण मी आणि विलास तिचे गिऱ्हाईक. तिने थेट काउंटरवर येऊन सांगितलं, मना पन न्या.

बाकीच्या मंडळींना केवढा धीर आला! कोळीण बरोबर आहे म्हटल्यावर बोट बुडणारच नाही असा सगळ्यांचा समज झाला. टूरच्या आधीच्या मीटिंगला नानांना कोणी काही विचारेना, सगळे तिच्याभोवती. उलटी होऊ नये म्हणून काय करायचं? तिने सांगितलं, चिंचेचा गोळा गालात धरायचा आणि लांब बघायचं. लाट मोठी आली तर? डोळे मिटायचे नाय, तिच्याकडं बघायचं. साठेकाका वहीच काढून बसले होते.

मीटिंग संपल्यावर तिने मला बाजूला घेतलं. "ताई, बोट हलते म्हंजे कशी हलते गो?"

मला वाटलं चेष्टा करतेय. तर म्हणे, आमच्यात बाया दर्यावर जात नाय. पुरुषांनी पकडायचा, आमी इकायचा. जन्मात ती होडीत चढली नव्हती. मग एवढं सगळं छातीठोक सांगितलं ते? ते तिच्या नवऱ्याकडून ऐकलेलं. बाळाराम रोज दर्यावरून घरी आला की ती विचारायची, आज काय बघितलं, आणि तो सांगायचा. आता त्याने होडी बंद केली होती, मासळीच उरली नव्हती. तिला एकदा तरी ते सगळं स्वतः बघायचं होतं. आणि बाळाराम रोज नको म्हणत होता.

*

होडीत उतरायची प्रॅक्टिस घ्यायची ही कल्पना नानांची. रविवारी सकाळी दहाला, कोलशेतच्या खाडीवर, बाळारामच्याच होडीत. भानूबाईने भरतीची वेळ सांगितली होती, दुपारची. पण दुपारी सगळे जेवून झोपतात. नानांनी सगळ्यांची सोय बघितली, खाडीची बघितली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी गेलं होतं आणि होडी चिखलात घट्ट बसली होती. आता आलोच आहोत तर करूनच घेऊ म्हणून नानांनी सगळ्यांना एकेक करून चढवलं आणि उतरवलं. वहिनी साडी सावरून चढल्या. साठेकाका तर दोनदा चढले.

"उगाच घाबरवतात हो लोक," काका म्हणाले, "अजिबात हलत नाही."

शेवटी भानूबाई चढली. होडीच्या टोकाला जाऊन जरा वेळ उभी राहिली. बाळाराम काठावरून बघत होता, हात द्यायलाही पुढे आला नाही. मला त्याचा राग आला.

*

निघायला आठवडा उरला असताना बाळाराम एकटाच ऑफिसात आला. नाना आणि विलास जेवायला गेले होते. खुर्ची दिली तरी बसला नाही, भिंतीवरच्या निळ्या समुद्राच्या पोस्टरसमोर उभा राहिला.

"ताई, बोट लई लांब जाते? जमीन दिसत नाय?"

मी म्हटलं, नाही दिसत. पण हे तुम्ही मला काय विचारता?

मग त्याने सांगितलं. तो खाडीच्या बाहेर कधी गेलाच नव्हता. त्याची होडी खाडीतली, जाळं खाडीतलं. भानूबाई माहेरची उत्तनकडची, तिचे भाऊ मोठ्या बोटी घेऊन जाणारे. लग्न झाल्यावर हा पहिल्यांदा बोलून गेला की मीही जातो. तिने विचारलं काय बघितलं, तर सांगितलं की दर्याच्या मधोमध गेलं की पाणी गोड लागतं. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही.

"तिचा नाव काढून टाका. जागा भरली म्हना."

मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू. पण नाव मी काढलं नाही. उलट म्हटलं, दादा, एक जागा आहे, तुम्हीही चला.

"तिच्यासमोर पयल्यांदा बघू?" एवढं बोलून तो जिना उतरून गेला.

*

बायकांसाठी सोबत म्हणून नानांनी मलाही पाठवलं. साठेकाकांनी चिंच गालात धरून पहिल्याच संध्याकाळी सगळं बाहेर काढलं, थर्मास तसाच भरलेला राहिला. भानूबाईला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा चारी बाजूंना नुसतं पाणी होतं. छोट्या होडीतून बेटाकडे निघालो तेव्हा ती वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायली. मी बघत होते. तिने तोंड पुसलं आणि ओला हात पदराला कोरडा केला.

परतलो तेव्हा कल्याण स्टेशनला प्रत्येकाच्या घरचे न्यायला आले होते. बाळाराम एका बाजूला, धुतलेला शर्ट घालून उभा. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. माझ्याकडे बघितलंच नाही. दोघं पुलाच्या पायऱ्यांपाशी गेली तेव्हा मी त्यांच्या मागेच होते. त्याने मान खाली घालून विचारलं, काय बघितलं.

भानूबाई म्हणाली, "तुमी सांगत व्हते तसाच हाय सगला."