तारखेत बदल नाही

माझ्या सासऱ्यांच्या घरात देवाच्या फोटोआधी फळा दिसायचा. राजारामपुरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचं दार उघडलं की समोरच्या भिंतीवर शाळेत असतो तसला काळा फळा, खाली खडूंचा डबा आणि खिळ्याला अडकवलेलं डस्टर. फळ्यावर घरातल्या माणसांचं वेळापत्रक. 'सुजाता – मंडई – ७.३०.' 'स्वतः – बँक – ११.००.' 'गॅस सिलिंडर – येणे.' मुलगी बघायला मी पहिल्यांदा त्या घरात गेलो तेव्हा त्यावर मीही होतो : 'मुलगा – ४.००.' मी पोचलो सव्वाचारला. चहा यायच्या आत सासरे उठले, फळ्यावर माझ्या ओळीपुढे खडूने '१५ मि. उशिरा' असं लिहिलं आणि वळून विचारलं, "कारण?"

खरं कारण असं होतं की वर यायचा धीर होत नव्हता म्हणून मी खाली बिल्डिंगभोवती चकरा मारत होतो. मी म्हणालो, "गाडी पंक्चर झाली."

त्यांनी 'पंक्चर' असं लिहिलं आणि खडू माझ्या हातात दिला. "करा सही, पावणं."

मी सही केली. त्या घरातलं माझं पहिलं खोटं असं रीतसर नोंदलं गेलं, आणि मुलगीही पसंत पडली.

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात, म्हणून ते माझे मामा. सुजाताचे आबा. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एका तालुक्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. कुठली गाडी कधी सुटणार, कुठली रद्द, हे फळ्यावर लिहायचं आणि प्रवाशांच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर शिव्या थांबल्या, फळा राहिला. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं : गाडी सुटायच्या आधी चौकशी करणारी आणि सुटल्यावर करणारी. "दुसऱ्या जातीस्नी म्या लई बघितलंय," म्हणायचे. सहीचा मात्र त्यांना भारी सोस. "खाली सही नसंल तर ती सूचना न्हवं, अफवा. खोटं लिवायची पाळी आली तरी लिवा, पर त्याच्याखाली आपलं नाव पायजे."

खोटं लिहिण्याची पाळी त्यांच्यावर आली होती. एकदा एका ड्रायव्हरच्या बायकोचं बाळंतपण अडलं, तो न सांगता गाडी सोडून पळाला. खिडकीशी पन्नास माणसं ओरडत होती. मामांनी फळ्यावर लिहिलं, 'तांत्रिक कारणाने रद्द', आणि खाली आपली सही ठोकली. वरून साहेब आले, मामांनी मेमो घेतला, ड्रायव्हरचं नाव काही सांगितलं नाही. "दुसऱ्या दिशी त्यो आला. कुनी बोलावलं न्हवतं. खडू घेतला आनि माझ्या सहीखाली सोताची सही केली. मग म्या फळा पुसला." ही गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. मी प्रत्येक वेळी हसलो. ती माझ्यासाठी आहे हे कळायला मला बराच वेळ लागला.

मी फौंड्रीतला माणूस. शिरोलीच्या एमआयडीसीत ओतकामाची क्वालिटी बघायचो. न्यूझीलंडमधल्या एका कारखान्याने बोलावलं तेव्हा कुटुंबासकट जायचं ठरलं : मी, सुजाता आणि दोन मुलं. सुजाता शाळेत शिकवायची, तिचा नोटीस पिरियड चालू होता. त्यामुळे तिकीट शोधायचं काम दुपारच्या वेळी मी आणि मामांनी केलं. मी लॅपटॉपसमोर, ते फळ्यासमोर. मी एक पर्याय वाचायचा, त्यांनी तो खडूने लिहायचा आणि मग त्याची उलटतपासणी घ्यायची. विमानाला ते शेवटपर्यंत गाडीच म्हणाले.

"गाडी कुटं कुटं थांबती?"

"सिंगापूरला बदलायची, मामा. सहा तास मध्ये."

"सा तास म्हंजे जेवणाचा थांबा धरा. लगीज एकदा टाकलं की शेवटच्या स्टॉपला मिळतंय, का मधी उतरवून घ्यायचं?"

मला सगळ्यांत स्वस्त पर्याय सापडला होता आणि मी फार खुशीत होतो. तीन वेगवेगळ्या कंपन्या, तीन वेगवेगळी तिकिटं, दोन ठिकाणी बॅगा घेऊन बाहेर यायचं आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. मामांनी ते लिहून घेतलं, चार पावलं मागे गेले आणि फळ्याकडे बघत म्हणाले, "पयली गाडी लेट झाली तर फुडची थांबती?"

"नाही. ती वेगळ्या कंपनीची आहे."

"मग ह्ये तिकीट न्हवं, पावणं. ह्या तीन चिठ्ठ्या हायत. पयला कंट्रोलर हात वर करनार. दुसरा म्हननार, तुमी लेट आलाय. आनि मधी कुटंतरी परमुलखात धाकटं पोरगं बॅगंवर बसून भोकाड पसरनार. त्याच्या रडन्याचं भाडं धरलंय का तुमी?"

धरलं नव्हतं. डस्टर फिरलं. मग राहिला सिंगापूरचा : एकच तिकीट, बॅगा थेट, निघायची वेळ मुलांच्या झोपेच्या सोयीची. तिथेही ते थांबले नाहीत.

"तारीख बदलती का?"

"दोन प्रकार आहेत. साधं तिकीट बदलत नाही. जरा महाग आहे ते एकदा बदलतं, वरचा फरक भरून."

"ते घ्या."

"मामा, तारीख कशाला बदलेल? सगळं ठरलंय."

"घरात म्हातारा हाय की," असं म्हणून ते मोठ्यांदा हसले. मी त्यांच्यासमोरच ते महागातलं तिकीट काढलं, कोपऱ्यावरून झेरॉक्स आणली, त्यांनी ती फायलीत लावली. सुजाता शाळेतून आली तेव्हा फळ्यावर फक्त तारीख होती.

निघायला तीन आठवडे राहिले असताना मामांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, बायपास करावी लागेल, पण आधी साखर आटोक्यात आणू. आणि त्यांनी जी तारीख दिली ती आमच्या विमानानंतर पाच दिवसांची होती. सुजाता एकुलती एक. आई तिच्या लहानपणीच गेलेली. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये ती मला म्हणाली, "अहो, तिकीट महिनाभर पुढं ढकला."

आता लिहायला बसलोच आहे तर सरळ लिहितो. तिकडच्या कारखान्याला विचारलं असतं तर त्यांनी महिना दिला असता; मी विचारलंच नाही. मला पैशाची चिंता नव्हती, नोकरी जायची भीती नव्हती. मला भीती सुजाताची होती. बॅगा भरायला लागल्यापासून ती गप्प गप्प होत चालली होती. छातीला टाके घातलेला बाप एकदा तिने पाहिला की ती कोल्हापूर सोडणार नाही, हे मला पक्कं कळत होतं. आणि मला जायचं होतं. मी म्हणालो, "नाही बदलता येत. बदलणारं संपलं होतं, साधं घ्यावं लागलं. कंपनीचा नियम आहे."

खोटं बोलताना माणूस आपणच दिलेली झेरॉक्स विसरतो. सुजाता तडक आत गेली. मी मागोमाग. मामा कॉटवर उशीला टेकून बसले होते.

"आबा, हे म्हणतात तिकिटाची तारीख बदलत नाही. तुम्ही होता ना तिकीट काढताना? खरंच नाही बदलत?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. लांबून येणाऱ्या गाडीची पाटी वाचावी तसं, सावकाश. मी खिडकीकडे बघायला लागलो.

"न्हाय," ते म्हणाले. "तारखेत बदल न्हाय. काय करनार, कंपनीचा नियम."

घरी सोडल्यावर ते कुणाचं न ऐकता उठले आणि फळ्याच्या अगदी वरच्या ओळीत लिहिलं : 'ऑकलंड – वेळेवर. तारखेत बदल नाही.' खाली सही केली. मी दारात उभा होतो. मला नुसतंच 'ऑकलंड – वेळेवर' चाललं असतं.

निघायच्या दिवशी खाली गाडीत बॅगा चढत होत्या. मामांना जिना उतरायला मनाई होती, म्हणून पाया पडायला आम्ही एकेक वर गेलो. मी शेवटचा. ते खुर्चीतच होते. मी वाकलो, तर खांद्याला धरून हळूच म्हणाले, एवढं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, "तांत्रिक कारण. व्हय न्हवं?"

"मामा..."

"आसू दे. सही केलीया म्या." मग त्यांनी मानेनेच फळा दाखवला. "खाली जागा सोडलीया."

बायपास नीट झाली. दवाखान्यात त्यांच्याजवळ त्यांचा पुतण्या संभाजी होता. सुजाता ऑकलंडच्या भाड्याच्या घरात, अजून न उघडलेल्या बॅगेवर फोन घेऊन बसली होती. तिने त्या दिवशी एक प्रतिज्ञा केली : त्या विमान कंपनीचं तोंड पुन्हा बघायचं नाही. "पाच दिवस, अहो. पाच दिवसांसाठी माझा बाप परक्याच्या हातात ठेवायला लावला त्यांनी." ती प्रतिज्ञा तिने मोडली नाही. एकदा सुट्टीला आलो, तेव्हा स्वस्त आणि सोयीचं विमान त्याच कंपनीचं होतं. आम्ही दुसऱ्या कंपनीने वळसा घालून आलो. तिच्या मैत्रिणींनासुद्धा ती सांगायची, तिकडे फिरकू नका. त्या बिचाऱ्या कंपनीने आम्हाला सुखरूप नेलं होतं, एकही बॅग हरवली नव्हती, आणि धाकट्याला रंगाच्या पेन्सिली दिल्या होत्या. तिची माझ्या घरात एवढी बदनामी झाली आणि मी जेवताना मान डोलवत राहिलो.

मामा पुढे चार वर्षं होते. व्हिडिओ कॉल लावला की आधी फळा दाखवायचे. रोजच्या ओळी रोज पुसल्या जायच्या. वरची एक ओळ तशीच. सुजाता गहिवरून म्हणायची, "बघा, आबांनी आपली गाडी अजून पुसली नाही." मला स्क्रीनवर ओळ दिसायची, सही दिसायची आणि तिच्याखालची चार बोटं रिकामी जागा दिसायची. मामांनी मला एका शब्दाने कधी टोकलं नाही. तब्येत, हवा, मुलांची शाळा, फौंड्री, सगळं विचारायचे. फोन ठेवायच्या आधी मात्र कॅमेरा फळ्यावर क्षणभर जास्त थांबायचा. सुट्टीला आलो तेव्हा तीन आठवडे मी त्या फळ्यासमोर जेवलो. खडूंचा नवा डबाही मीच आणून दिला. त्यातला एकही उचलला नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी 'दूध – आले' असं लिहून ते खुर्चीत बसले, आणि तसेच गेले. संभाजीचा फोन आला. "उद्या दुपारपतुर ठेवतो, दाजी. त्याच्या फुडं अवघड हाय."

आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. वेळेत पोचवणारं एकच विमान होतं, आणि ते त्याच कंपनीचं. बाकी सगळी संध्याकाळनंतर पोचवणारी. सुजाताचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "त्यांचं नको. त्यांच्यामुळं तेव्हा नव्हते मी जवळ. आता त्यांच्या विमानातनं आबांना बघायला नाही जायचं मला. दुसरं बघा."

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. चार वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. मी म्हणालो, "त्यात वेळेत पोचू, सुजाता." बस, एवढंच. ती म्हणाली, "दुसरं बघा." मी दुसरं बघितलं. जन्मात काढलं नव्हतं एवढं महाग तिकीट मी त्या दिवशी काढलं, आणि आम्ही राजारामपुरीत पोचलो तेव्हा लोक स्मशानातून परत येऊन आंघोळी करून बसले होते.

फळा स्वच्छ होता. भेटायला माणसं येणार म्हणून संभाजीने ओल्या फडक्याने पुसून काढला होता. वरची ओळ, सही, सोडलेली जागा, सगळं. खोटं सांगत नाही, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. मग सुजाता त्या कोऱ्या फळ्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आपली गाडीपण गेली."

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. दुपारी सुजाता मंडईला गेली होती. मला बोलता येत नाही. मुलगी बघायला आलो तेव्हाही येत नव्हतं. मी डब्यातून खडू काढला आणि वरच्या ओळीत लिहिलं : 'ऑकलंड – तारखेत बदल करता येत होता. मी केला नाही. आबांना माहीत होतं.' आणि खुर्चीत बसून राहिलो.

ती आली, पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि मग तिला फळा दिसला. तिने तो उभ्यानेच वाचला. पुन्हा वाचला. पिशवीतली कोथिंबीर काढून ओट्यावर ठेवली, परत येऊन तिसऱ्यांदा वाचला. मला वाटलं, ओरडेल. आरडाओरडा झाला असता तर मला सोपं गेलं असतं. तिने डब्यातला खडू उचलून माझ्यापुढे धरला.

"सही राहिली तुमची."

मी सही केली. तिने खडू माझ्या हातातून परत घेतला, माझ्या नावापुढे लिहिलं, '४ वर्षं उशिरा', आणि वळून, अगदी तिच्या बापासारखं, विचारलं, "कारण?"

या खेपेला मी पंक्चर म्हणालो नाही.