बोल्ट खिशात राहिला

मोटरसायकलचं तेल मी कधी मेकॅनिककडून बदलून घेतलं नाही. सारा जन्म सरकारी जीप चालवण्यात गेला. शाळा आठवीपर्यंत झाली, पण इंजिन मला समजतं. दुसऱ्याने माझ्या गाडीला पाना लावलेला मला चालत नाही.

बायको जाऊन अकरा महिने झाले. मुलगी इंदूरला असते. तेरावं झाल्यावर ती माझे कपडे बॅगेत भरायला लागली होती. मी सरळ नाही म्हटलं. तेव्हा तिने शर्त घातली. "गॅस चालू राहिला, नळ चालू राहिला, काहीही चुकलं तर त्याच दिवशी मला सांगायचं, बाबा. लपवायचं नाही. मग तुम्ही माझ्याकडे यायचं, वाद नाही घालायचा." मी हो म्हणून मोकळा झालो. घर माणसांनी भरलेलं होतं, हो म्हणायला काही लागत नव्हतं.

अकरा महिने काही चुकलं नाही. दोनदा दूध उतू गेलं, ते मी धरत नाही. दूध तर हिचंही जायचं.

त्या मंगळवारी सकाळी गाडी अंगणात स्टँडवर लावली, इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं. गरम झालं की तेल पातळ होतं, सगळं उतरतं. मग बंद करून खाली कापलेला डबा सरकवला आणि सतरा नंबरच्या पान्याने खालचा बोल्ट काढला. काळी धार पडायला लागली.

आम्ही थाटीपुरच्या क्वार्टरमध्ये असताना हा बोल्ट एकदा घरंगळून नालीत गेला होता. अर्धा दिवस मी नालीत हात घालून बसलो होतो आणि क्वार्टरांची सगळी लाइन बघत होती. तेव्हापासून बोल्ट निघाला की ही तो फडक्यात गुंडाळून मुठीत धरायची आणि पाटावर बसून राहायची. तेल गळेपर्यंत तिचं बोलणं चालायचं. कोणाच्या सुनेने काय केलं, कोणाचं कोणाशी बिनसलं. मी ऐकत नसे. धार तुटली, थेंब थांबले की म्हणायची, "घ्या तुमचा दागिना." मग मी बोल्ट कसायचो आणि वरून नवं तेल ओतायचो. किती वर्षं असंच चाललं. बोल्ट लावायची आठवण मला कधी ठेवावीच लागली नाही.

त्या दिवशी बोल्ट मी शर्टाच्या खिशात टाकला आणि पायरीवर बसलो. कोणी बोलत नव्हतं. समोर दिसणाऱ्या किल्ल्याकडे बघत बसलो, किती वेळ ते सांगता येणार नाही. थेंब थांबले. उठलो, कुप्पी लावली आणि नवं तेल ओतायला लागलो. नरसाळ्याला इथल्या हिंदीत कुप्पी म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. हात चांगला स्थिर होता. पूर्ण बाटली ओतली.

शेजारची भाभी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. वरूनच म्हणाली, "काकाजी, नीचे से सब निकल रहा है."

खाली बघितलं. मधाच्या रंगाचं कोरं तेल काळ्या तेलात पडत होतं. डबा भरून फरशीवर वाहत होतं, माझ्या चपलेखाली आलं होतं.

"दिख रहा है," मी म्हटलं.

"चाचीजी होतीं तो आज खूब डाँटतीं आपको."

"वो होती तो निकलता ही नहीं."

ती बादली उचलून आत गेली. मी एवढं तोडून बोलायला नको होतं, पण बोलून गेलो.

फरशीवर वाळू टाकली, भरून काढली, सोड्याने घासली. डाग राहिलाच. मग तेलाची दुसरी बाटली आणायला ई-रिक्षाने फूलबागेकडच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "कल ही तो ले गए थे, बाबूजी. दूसरी गाड़ी ले ली क्या?"

"हाँ," मी म्हटलं. असं खोटं बोलून आलो. येताना रिक्षात वाटत होतं की खोटं सोपं आहे, मुलीला तरी खरं सांगायचं काय अडलंय. तिने गॅस म्हटलं होतं, नळ म्हटलं होतं. तेलाचं नाव घेतलं नव्हतं. पण माझा हात चुकला नव्हता, डोकं चुकलं होतं, आणि ती त्यालाच भीत होती. इंदूरला तिची माणसं चांगली आहेत. तिथे मला खोली मिळेल, वेळेवर जेवण मिळेल. पण सकाळी उठून मी करायचं काय?

घरी येऊन खिशातला बोल्ट काढून कसला, तेल भरलं, तेल मोजायची काडी बाहेर काढून पातळी दोनदा बघितली. गाडी चालू झाली. आवाज साफ होता. ऐकायला मी एकटाच होतो.

संध्याकाळी सातला रोजच्यासारखा फोन आला. काय जेवलात, तिने विचारलं. मी म्हटलं, "आज चुकलं माझं," आणि सगळं सांगितलं. दुकानातलंही.

ती मग म्हणाली, "पडला नाहीत ना घसरून?"

"नाही."

"गाडी चालते?"

"चालते."

"बाबा, ही पहिली चूक की पहिली सांगितलेली?"

"दूध गेलं होतं दोनदा."

ती हसली, पण पूर्ण नाही. म्हणाली, "शनिवारी येते मी. दोन दिवस तुमच्याजवळ राहून बघते, मग बोलू. स्टेशनवर घ्यायला या. गाडीवरच या."

बरं म्हणून फोन ठेवला. म्हणजे निकाल लागला नव्हता. शनिवारला अजून चार दिवस होते. मी उठून एका माणसाची खिचडी लावली आणि ती शिजेपर्यंत गॅससमोरून हललो नाही.