अंड्याची आकृती

सर म्हणाले, "उदाहरणसुद्धा अंड्याचंच सुचलं यांना. संस्कार लपत नसतात."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. हातात खडू, पाठीमागे फळ्यावर मी काढलेलं अंडं, आणि तोंडावर ते लाचार हसू.

नागपुरात गणितात संशोधन करतो मी. त्या दिवशी सरांचा लाडका विद्यार्थी एर्गोडिक सिद्धान्त मांडत होता. पृष्ठभागावर एक वाट सरळ चालू द्या, कायमची. तिला लागणाऱ्या वक्रतेची सरासरी काढा. तीच सगळ्या पृष्ठभागाची सरासरी. सर मान डोलावत होते. मी उठून म्हटलं, वाट सगळीकडे पोचते हे आधी सिद्ध करायला हवं. अंड्यावर पोटापासून जरा तिरपी निघालेली वाट पोटाभोवतीच फिरत राहते. टोकांना वक्रता सगळ्यात जास्त, पण तिकडे ती कधी जातच नाही. तिच्या हिशेबात टोकं नसतातच.

या बोलण्याला सरांचं उत्तर ते वरचं.

नंतर कितीतरी दिवस स्वतःलाच खात होतो. लिंबू म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? आपल्यालाच पोच नाही. घरी शिजतं ते चारचौघांत कशाला काढायचं? सरांच्या देवघरात जाऊन अंडं फोडल्यासारखा अपराधी झालो होतो.

मग सरांनी खोलीत बोलावलं. "वक्रता तुला झेपायची नाही. संख्याशास्त्र घे. एका कॉलेजात माझा शब्द चालतो, लगेच चिकटशील. घरी गरज असेलच."

गरज होतीच. गावी, खाप्याला, बाबा हातमागावर बसतात. छप्पनला मला खांद्यावर घेऊन नागपुरात बौद्ध धम्माच्या दीक्षेला आलेले बाबा. आता डोळ्यांत मोतीबिंदू. तुटलेला धागा बोटांनी चाचपून जोडतात. आणि मी पंचविशी उलटलेला घोडा अजून शिकतोच आहे.

हो म्हणायला तोंड उघडलं. निघालं भलतंच.

"सर, माझं अंडं बरोबर होतं की चूक?"

"प्रश्न तो नाही."

"माझा तोच आहे."

सरांनी समोरच्या वह्या पुढे ओढल्या. चूक असतं तर तेव्हाच फळ्यावर दाखवलं असतं. त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून वर्ग हसवला. आणि मीही त्यांच्यासोबत हसलो होतो. संताप आला. त्यांचा कमी, माझाच जास्त.

"विषय बदलणार नाही," म्हणालो आणि निघालो.

रविवारी खाप्याला जाऊन बाबांना सगळं सांगितलं. मागाची खटखट थांबली.

"नोकरी भेटून राहिली होती त काहून नाही म्हटलं गा?"

मी मागावरचा तुटका धागा जोडायला वाकलो.

"मले आता धागा दिसत नाही," ते म्हणाले. रागानं नाही. आणि पुन्हा माग चालू केला.

त्यांची उरलीसुरली नजर मी माझ्या विषयावर खर्च करतो आहे. ते मला कळतं. बाबांनी माफ केलेलं नाही, मीही माफी मागितलेली नाही.

पण अंड्याची लाज गेली. प्रबंध याच विषयावर होईल. पहिली आकृती अंड्याचीच राहील, आणि तिच्याखाली मी 'अंडं' असंच लिहीन.