फिरती बाटली

आमच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या मावशींचा एका बाटलीवर फार जीव होता. ती यंत्रावर आडवी, संथ फिरत राही, म्हणून आतले जिवाणू तळाशी बसत नसत. अंतराळात असल्यासारखे तरंगत, एकमेकांना धरून वाढत. तो दुधी ढग बघता बघता आपलेच पाय जमिनीवरून सुटतात, असं मावशी म्हणायच्या.

एका दुपारी मोटर जळली. मी दुसरी शोधून आणेपर्यंत दोन तास मावशींनी बाटली हातानेच, त्याच लयीत फिरवली.

"हात भरून आले असतील, द्या इकडे," मी म्हणाले.

"छे! अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना अकरा वर्षं कुशीवर वळवलंय मी. ही निदान शिव्या तरी देत नाही."

बाटली त्यांनी सोडली नाही.

"त्या गेल्यापासून हातांना करमतच नव्हतं बघ."